पहिली भाकर

सासू फरशीवर पडली आहे आणि सून दारात उभी राहून फोनवर इंग्रजी बोलते आहे. गयाबाईनं असली तऱ्हा जन्मात पाहिली नव्हती.

"आत ये नं वं! वरात पाहायले उभी हायेस का?"

"आई, येऊ कशी?" मृणालनं किचनमध्ये एक पाय टाकला. त्याबरोबर ब्रूनो गुरगुरला. ती गुरगुर गयाबाईला कानाआधी पाठीत कळली, फरशीतून. मृणालनं पाय मागं घेतला.

वासराएवढं ते कुत्र्याचं धूड गयाबाईच्या अंगावरून चारी पाय रोवून उभं होतं. त्याच्याच भांड्यातल्या सांडलेल्या पाण्यावरून ती घसरली होती. मांडीच्या सांध्यात अशी कळ मारत होती की श्वास अर्ध्यातच अडकत होता. पण विव्हळायचं कोणासमोर? सुनेसमोर?

"अँब्युलन्स निघालीय," मृणाल म्हणाली. "पण ती फोनवरची बाई म्हणते, आधी कुत्र्याला बंद करा. नाहीतर क्रू घरात पाऊल टाकणार नाही."

मग तिनं हात पुढं करून, क्लासमध्ये शिकवला होता तसा आवाज काढला. "ब्रूनो! बेड!"

दर रविवारी ती त्याला चर्चच्या हॉलमधल्या ट्रेनिंगला घेऊन जायची. 'कुत्र्याले कॉन्व्हेंटात घातलं माह्या सुनेनं,' हे गयाबाईनं इंग्लंडातून नागपूरच्या समद्या नात्यागोत्यात फोन करकरून सांगितलं होतं. आता कॉन्व्हेंटातल्या विद्यार्थ्यानं एक कान हलवला. बाकी काही हललं नाही.

"तुम्ही सांगा त्याला आई. तुमचंच ऐकतो तो."

हेही नागपूरला सांगून झालेलं होतं.

"हट! जाय तिकडं!" गयाबाई म्हणाली. ब्रूनोनं तिची हनुवटी चाटली. "नीघ म्हणते नं, मेल्या!" त्याचं शेपूट कपाटावर थाडथाड आपटलं. गयाबाई त्याच्याकडं बघत राहिली. तिनं त्याला कधी काही सांगितलंच नव्हतं. नुसतं वाढलं होतं.

गेल्या रविवारी क्लास सुटल्यावर तिथली बाई घरी येऊन बसली होती. चहा घेता घेता तिनं ब्रूनोवर नजर ठेवली आणि जाताना सांगितलं, की हा आजींवर पहारा देतो. त्यांच्या हातून खाणं बंद करा, घरात सगळ्यांची शिस्त एक ठेवा, शिकेल. ते जमणार नसेल तर त्याला दुसरं घर बघा. मुलानं, प्रणयनं, कार्पेटकडं बघत आईला ते मराठीत सांगितलं होतं. गोऱ्या बाईनं आपल्याला वाढायला शिकवावं! गयाबाईच्या आईच्या दारात तव्यावरची पहिली भाकर कुत्र्याची असायची. माणसं मागून. दुसऱ्या दिवसापासून तिनं सून आंघोळीला गेली की भाकर काढायला सुरुवात केली, एवढाच काय तो फरक.

बेडफर्डजवळच्या शेतावरचं एक जोडपं ब्रूनोला न्यायला तयार होतं. त्यांना आज संध्याकाळपर्यंत होय-नाही कळवायचं होतं. "आई काय म्हणेल ते," असं म्हणून प्रणय गाडीत बसून ऑफिसला निघून गेला होता. त्याचं नेहमीचंच.

तव्यावरची भाकर करपली. धूर चढला आणि छताचा अलार्म किंचाळायला लागला. ब्रूनो बिथरला, जागच्या जागी नाचला. त्याचा पंजा गयाबाईच्या मांडीवर पडला आणि या खेपेला मात्र ती ओरडली. मृणाल धावली. ब्रूनोनं दात दाखवले, नुसते दाखवलेच नाहीत, तिची बाहीच ओढून फाडली. ती पुन्हा दारात. बाहीची चिंधी लोंबत होती.

तसाच हात लांबवून तिनं दाराजवळच्या डब्यातली भाकर काढली, मोडली, बागेच्या उघड्या दाराकडं टाकली. ब्रूनोनं तिकडं बघितलं. गेला नाही.

"माझ्या हातची नको त्याला," मृणाल रडकुंडीला आली. "आई, तुम्ही फेका. बागेत. लांब." तिनं उरलेली अर्धी फरशीवरून गयाबाईकडं सरकवली.

गयाबाईनं ती हातात घेतली. ब्रूनोचं नाक लगेच तिच्या मुठीशी आलं, हळू, अदबीनं, रोजच्यासारखं. तिनं आयुष्यात कोणाच्या पुढ्यात अन्न फेकलं नव्हतं, जनावराच्याही नाही.

तिनं डोळे मिटले आणि फेकली.

फरशीवर नखं खरडली. मग मृणालनं बागेचं दार धाडकन लावल्याचा आवाज आला.

मृणालनं गॅस बंद केला, टॉवेल हलवून हलवून अलार्म गप्प केला आणि सासूशेजारी ओल्या फरशीवरच बसकण मारली. तिनं गयाबाईचं डोकं मांडीवर घेतलं. गयाबाईनं घेऊ दिलं. दाराच्या काचेपलीकडं ब्रूनो उभा होता. भाकर त्याच्या तोंडात होती, तशीच. खात नव्हता.

"बेडफर्डला 'नाही' म्हणून कळवू का, आई?" मृणाल म्हणाली. "शिकेल तो. मी शिकवीन. माझ्यावर अजून थोडा वेळ सोडा."

रस्त्याच्या टोकाला सायरन ऐकू आला. गयाबाईनं काचेकडं पाठ फिरवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मान तेवढी वळली.

"तो शिकन वं," ती म्हणाली. "तुह्या हाताखाली तो शिकन. मी नाही शिकत. पाठव त्याले."