दोघांच्या गोळ्या

गोळ्या सापडल्या गाडीच्या सीटखाली, काच पुसायच्या फडक्यात गुंडाळलेल्या. काही विरघळायला लागून पुन्हा वाळल्या होत्या. मास्तरांच्या बायकोने त्या लगेच ओळखल्या, कारण रोज सकाळी त्यांच्या तळहातावर तीच त्या ठेवायची.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे. निम्मं गाव त्यांच्याकडे शिकलेलं. त्यांच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. शिकणाऱ्याला वाटायचं, गाडी आपणच सांभाळतोय, आणि मास्तर जगभरच्या गप्पा मारत तिथे पाय ठेवून असायचे.

असा बोलका माणूस एक दिवस छातीत दुखतंय म्हणून एकटाच दवाखान्यात गेला आणि मुका होऊन परत आला. सौम्य झटका होता, म्हणाले. तेव्हापासून खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसायचं, फोन वाजला तर वाजू द्यायचा, आंघोळीचं नाव काढलं की "नंतर बघू".

हे सगळं तिच्या ओळखीचं होतं, म्हणूनच ती जास्त घाबरली. आदल्या वर्षी तिलाही झटका येऊन गेला होता. त्यानंतर तीही त्याच खुर्चीत अशीच बसून असायची. शिवणयंत्रावर धूळ साचली तरी तिला दिसायची नाही. सकाळ झाली याचाच राग येतो, ते कसं असतं हे तिला कुणी सांगायला नको होतं.

डॉक्टर बाईंनी तेव्हाच बजावलं होतं. उदासपणा नुसता मनात राहत नाही, हृदयालाही पोखरतो. माणूस औषध टाळतो, हिंडत-फिरत नाही, धड जेवत नाही, आणि मग दुसरा झटका यायला वेळ लागत नाही. स्वतःच्या वेळी तिने हे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. आता मात्र त्यातला शब्दन् शब्द तिला भेडसावायचा.

मग ती उठली. स्वतःचं दुखणं कुरवाळायला वेळ होता कुणाला? त्यात मास्तर महाहट्टी निघाले. फिरायला जायचं तर ती सोबत हवी. अळणी भाजी तिच्याही ताटात हवी. दोघांची औषधं सारखीच होती, तर आधी तिने घ्यायची, मगच ते. "तू नाही तर मीही नाही," एवढं म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. लहान मुलाच्या वरताण आहेत, असं ती लेकीला फोनवर सांगायची आणि सांगता सांगता रडायची.

दुपारी ते झोपले की ती दारात उभी राहून त्यांची छाती वरखाली होते ना, ते बघत राहायची. एकदा काही हलेचना, म्हणून तिने त्यांच्या नाकाशी आरसा धरला. "आहे अजून," ते डोळे न उघडताच म्हणाले. तिला हसू आलं नाही.

पुढे त्यांनी तिला गाडी शिकायला लावली. मला काही झालं तर दवाखान्यात कोण नेणार, म्हणाले. ती शिकली, त्यांच्या नावाने बोटं मोडत. आता सीटखालच्या गोळ्या हातात धरून उभी असताना तिला त्या शिकवण्याचा वेगळाच अर्थ लागला. माणूस निरवानिरव करत होता.

मास्तर आत झोपले होते. तिने फडकं पर्समध्ये कोंबलं आणि गाडीची किल्ली घेतली. एकटीने ती आजवर कधी निघाली नव्हती. चौकाचौकात तिची नजर शेजारच्या रिकाम्या सीटकडे जात होती. चढावर गाडी बंद पडली, मागचे हॉर्न वाजवू लागले, आणि तिच्या मनात एकच, की तिकडे ते उठून काही करून बसले तर.

दवाखान्याची लिफ्ट बंद होती. ती सगळे जिने चढून वर गेली. तिचा चेहरा बघून डॉक्टर बाईंनी तिला सरळ आत घेतलं, खुर्चीत बसवलं आणि मनगट हातात धरलं.

माझं राहू द्या, म्हणत तिने दुसऱ्या हाताने टेबलावर फडकं उलगडलं. "ते मरायला बसलेत. तोंडात घेतल्यासारखं करतात आणि थुंकून टाकतात."

डॉक्टर बाई गोळ्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, की तुमच्या गोळ्या रोज घेता ना. घ्याव्याच लागतात, ती म्हणाली, नाहीतर ते अडून बसतात. चालणं? तेही रोज. इथवर कशा आलात? गाडी चालवत, जिने चढून. छातीत दुखलं का कुठे?

"नाही हो, माझं काय घेऊन बसलात? त्यांना आजच्या आज दाखल करून घ्या. ते गेले तर मी कुणासाठी उठू?"

"त्यांनी या गिळल्या नाहीत, हे चांगलंच केलं," डॉक्टर बाई म्हणाल्या.

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. हृदयाचा पेशंट औषध थुंकतो आणि डॉक्टरच त्याला चांगलं म्हणतात, हे तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिचा आवाज चढला.

डॉक्टर बाईंनी मनगट सोडलं नाही. "कुणाला सांगणार नाही, असा शब्द मी मास्तरांना दिला होता. पण तुम्हाला इतकी भीती सोसवणार नाही. तुमच्या घरात हृदयाचा पेशंट एकच आहे, काकू. तिचा हात माझ्या हातात आहे."