सोडवायला आलेली साखरबाई

ज्ञानेशने आत्याची पिशवी खाली ठेवली आणि त्याला पहिला दिसला तो खुर्चीला बांधलेला म्हातारा.

दोन्ही मनगटं खुर्चीच्या हातांना. पट्टी मऊ होती, जुन्या लुगड्याची, पण बांधलेलं ते बांधलेलंच. बाजूला स्टुलावर एक म्हातारी त्याची गाठ सोडवत बसली होती. नाकात चमकी, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर छत्री.

हे कोण, असं त्याने विचारलं.

"आमचं माणूस. एडवणला पानमळा हाय आमचा," ती वर न बघता म्हणाली. "मी साखरबाई. न्यायला आलेय याना. सकाळपासून सोडवते, सुटतच नाय."

नवऱ्याचं नाव काही तिने घेतलं नाही. खुर्चीतला म्हातारा स्वतःच "भगवंत" असं पुटपुटला आणि पुन्हा मान खाली घालून बसला.

आता ज्ञानेश पडला बोईसरच्या कारखान्यातला फिटर. अडकलेलं काही दिसलं की याचे हात शिवशिवायचे. त्यात आत्या सोजराबाईला हल्ली स्वतःचं घर ओळखू येईना, म्हणून तो तिला म्हाताऱ्या माणसांच्या याच सेवाघरात ठेवायला आला होता. आज यांना बांधलं, उद्या आत्याला बांधतील, हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलं.

म्हातारीची बोटं तरबेज होती. पानवेल बांधताना बोट शिरेल एवढी जागा ठेवायची, नाहीतर वेल काचते, असं ती त्याला समजावत होती; ही गाठ कुठल्या आडदांडाने मारली देव जाणे. पण गाठ सुटत आली की भगवंतकाका नेमका हात हलवत आणि ती पुन्हा आवळली जाई. भान नाही बिचाऱ्यांना, ज्ञानेशला वाटलं.

त्याने सिस्टरला बोलावलं. वैष्णवी सिस्टर आली. तिने आधी म्हातारीकडे पाहिलं, मग त्याला हळूच म्हणाली, "जरा ऑफिसात येता? तिथे बोलू."

"जे आहे ते इथंच बोला. आजींसमोर."

सिस्टर घुटमळली. मग तिने तुटक तुटक सांगितलं. उन्हाळ्यात इथलं एक माणूस फाटकातून निसटलं आणि सापडलं ते थेट रेल्वेच्या रुळांमध्ये. तेव्हापासून इथे बांधाबांध सुरू झाली. हौस कुणालाच नाही.

"म्हणून माणसाला गुरासारखं बांधाल?"

"मी पण तेच सांगते यांना," साखरबाई म्हणाली. "तू भला दिसतोस. सोड बाबा."

सिस्टर "अहो, थांबा" म्हणेपर्यंत ज्ञानेशने खिशातला टेस्टर गाठीत खुपसलाही होता. दोन हिसक्यांत दोन्ही हात मोकळे झाले. कोपऱ्यातल्या एका आजोबांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक.

साखरबाईचा चेहरा उजळला. तिने पिशवी काखेत मारली, छत्री उचलली.

"चला, उठा. गाडी चुकंल."

एवढं बोलून ती मागे न बघता निघालीसुद्धा. त्या वयाला न शोभणारी चाल. बघता बघता अंगण ओलांडून फाटकाशी पोचली. सिस्टर तिच्यामागे धावली, सिस्टरमागे दोन मावश्या.

ज्ञानेश काकांना हात देऊन उठवायला वाकला. काकांनी तो हात झटकला. सदऱ्याच्या खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, फाटकाकडे निरखून पाहिलं आणि दोन्ही मनगटं पुन्हा खुर्चीच्या हातांवर ठेवली.

"बांध पोरा, लवकर. मी असा बांधलेला दिसलो की ती दिवसभर गाठीपाशी बसते, नायतर आता तिला धरून आणतील आणि खाटेला बांधतील. आणि जरा आवळून बांध. माझी एडवणची एस्टी संध्याकाळी हाय, तवर गाठ टिकली पायजे."