कोमट काच

तळ्याचं पाणी थोडं जरी तापलं तरी त्यातले धुळीएवढे तरंगते जीव, प्लवक, जागा बदलतात, हे तिला नवऱ्यानेच शिकवलं होतं. थंड बरणीवर तो तळहात टेकायचा. हळूहळू सगळे कण तिथे गोळा व्हायचे. "अगं, यांनाही मायेची ऊब लागते," म्हणायचा.

गेल्या वर्षी नमुने आणायला गेलेली त्याची होडी रिकामीच काठाला लागली.

आज त्याच तळ्याच्या पाण्याची बरणी तिने प्रयोगशाळेतल्या फ्रिजमधून काढली आणि नोंदवही उघडली. मान वर केली, तर कण काचेशी जमले होते. तळहात, चार धड बोटं, आणि फार पूर्वी होडीच्या दोरात सापडून अर्धी गेलेली त्याची करंगळी.

तिने त्यावर हात ठेवला. काच कोमट होती.

"अहो, किती वाट बघायला लावलीत."

पाण्यातली बोटं हळूच मिटली.