दिवसाचा खेळ

आमच्या बालीत देवळाच्या अंगणात भरदिवसाही बाहुल्यांचं रामायण होतं. तेव्हा पडदा नसतो, पांगाऱ्याच्या दोन फांद्यांमध्ये नुसता धागा ताणतात. माझ्या चेल्याचा, सुवित्राचा, पहिलाच खेळ आणि सारं गाव कोंबड्यांच्या झुंजीला गेलेलं.

"काका, अंगणात चिटपाखरू नाही. मी बाहुल्या पेटीत ठेवतो, आणि पुन्हा हात लावायचा नाही."

"अरे, हा खेळ देवांसाठी असतो. तू कुंभकर्णाला उठव."

ढोल झाले, हत्ती झाले, कुंभकर्ण घोरतोच आहे. शेवटी सुवित्राचा विदूषक त्याच्या कानाशी वाकला. "उठा जावईबापू, सासूबाई आल्यात."

रिकाम्या अंगणात असा हशा पिकला, की झुंज टाकून गाव धावत आलं. पण बसायला जागा कुठे होती? बिचाऱ्यांनी सगळा खेळ कुंपणाबाहेर उभ्यानेच पाहिला.