उरलेले थेंब

लाकूड तासताना सुताराच्या डोळ्यात बारीक कुसळ गेलं. ते निघालं, पण डोळा लालभडक झाला. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब घरात शिल्लक होते. तिने लेकाचं डोकं मांडीवर घेऊन ते घातले. दोन दिवसांत लाली उतरली, ठणका थांबला, आणि घरात आईचं कौतुक झालं. पुढच्या आठवड्यात बुबुळावर पांढरा डाग दिसायला लागला.

डॉक्टर म्हणाले, "कुसळाबरोबर बुरशी आत गेली होती. वेळेवर आला असतात तर औषधाने आटोक्यात आली असती. या थेंबांनी नुसती लाली दबली, आणि बुरशीला रान मोकळं मिळालं. आता या डोळ्याने दिसणार नाही."

"डॉक्टर, आई बाहेर बसलीय. तिला फक्त कुसळाचंच सांगा," तो म्हणाला. "माझा डोळा गेला तो गेला. थेंबांचं कळलं तर तिच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही."

डॉक्टरांनी तसंच सांगितलं. आई त्याच्या धंद्याला बोल लावत घरी आली.

महिन्याभराने शेजारीण लेकीला कडेवर घेऊन दारात आली. पोरीचा डोळा लाल झाला होता. आई लगबगीने उठली आणि कपाटात जपून ठेवलेली बाटली घेऊन आली.

"आई, नको घालूस."

"का रे? तुझी लाली दोनच दिवसांत उतरली होती की!"



त्याने तिच्या हातातली बाटली काढून घेतली, तिला जवळ बसवलं, आणि जन्मभर लपवायचं ठरवलेलं सगळं सांगून टाकलं.