स्वप्निलच्या चार नोंदी

२०२३ सालचा मार्च. हळद शिजवायचे दिवस होते. हळद शिजवायला गावोगाव फिरणारा भाड्याचा कुकर आज कोणत्या गावात आहे, उद्या कोणाचा नंबर, हे शेतकऱ्याला मोबाइलवर कळावं म्हणून वारंगा फाट्यावर, टायरच्या दुकानावरच्या खोलीत, तिघांच्या ऑफिसात, तीन वर्षं खपून एक ॲप तयार झालं होतं. आता पुण्याची एक कंपनी ते घेणार होती. तिनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. रेपो साफ करून पाठवा. आणि रेपोत ज्यांची नावं असतील, त्यांनाच आम्ही पुढं कामावर ठेवू.

रेपो म्हणजे प्रोग्रामची जुनी-नवी सगळी रूपं जिथं साठतात ती जागा. कोणी, कोणत्या दिवशी, कोणती ओळ बदलली, ते नावासकट तिथं राहतं. पण फाट्यावर दुपारी दोनला लाईट जाई. दोनला पाच कमी असले, की जो तो संगणकावरचं असेल नसेल ते सगळं घाईघाईनं रेपोत ढकलून देई. प्रोग्राम चिमूटभर आणि रेपो चौदा जीबीचा, अशी गत झाली. वरवर फाइल पुसून भागत नव्हतं; जुन्या नोंदीत ती बसूनच राहायची.

ते उपसायचं काम पुजानं अंगावर घेतलं. ही साखऱ्याकडच्या तांड्यावरची. तीन दिवस तिनं एकेक नोंद उघडून पाहिली, वजनदार नि बिनकामाच्या फाइली मुळापासून काढल्या, बाकीचं जसंच्या तसं ठेवलं. शनिवारी बाराच्या सुमाराला तिनं आकडा पाहिला. अडतीस एमबी.

ऑफिसचा मालक स्वप्निल, पुसेगावच्या किसनरावांचा मुलगा, तिच्या मागं येऊन उभा राहिला.

"चौदा जीबीचं अडतीस एमबी? काय जादू केली गं?"

मग त्याची नजर नावांच्या यादीवर गेली. पुजा, अकराशे सहा नोंदी. वैजनाथ, एकेचाळीस. यादी तिथंच संपत होती.

"माझं नाव कुठंय?"

"तुमच्या चार नोंदी होत्या, दादा."

"मग?"

"चारी तुमच्या ताईच्या लग्नाच्या. दोन व्हिडिओ, एक ड्रोनचे फोटो, आन एक जेवणाची यादी. त्या काढल्या तं नोंदीत कायीच उरलं न्हाई."

पलीकडं बसलेल्या वैजनाथला हसू फुटलं. ते त्यानं खोकल्यात लपवलं.

स्वप्निल हसला नाही. "असं कर. जुनं सगळंच फेकून दे. आजची एकच नोंद ठेव, माझ्या नावानं. नवं कोरं दिसंल."

"न्हाई."

"काहून न्हाई? ऑफिस माझं, संगणक माझे, कल्पना माझी."

"व्हय. खोली तुमची हाय. ओळी माझ्या हायेत."

"तोंड सांभाळून बोल, पुजा. तांड्यावरून तुला इथं आणलं कोणी?"

"काळी-पिवळी जीपनं. रोज आणती. बसायला जागा बी न्हाई देत."

स्वप्निल वैजनाथकडं वळला. "वैजा, तू कर. तुझ्याकडं बी पुरी नक्कल हाय ना?"

होती. रेपोची पूर्ण नक्कल तिघांकडंही होती. वैजनाथनं खाली मान घालून टाइप केलं. फक्त बटण दाबायचं राहिलं.

"दाब," पुजा म्हणाली. "तुझं बी नाव जाईल."

"माझ्या एकेचाळीसच तं हायेत."

"एकेचाळीस तं एकेचाळीस. एकाच माणसाचा नंबर दोनदा लागून राहिला होता, ती चूक हुडकाया तुझे आठ दिवस गेले. ते बी दादानंच केलं म्हणून सांगतो का पुण्याला?"

वैजनाथनं बोट उचललं. हात मांडीवर ठेवले.

"मला न्हाई जमत, दादा."

पुजा खुर्चीवरून उठली. खुर्ची तिनं स्वप्निलकडं फिरवली.

"बसा. आत्ता लिहा. एकच ओळ. कामाची असंल तं तुमचं नाव बराबर लागंल. मी कोणाचं नाव अडवून न्हाई राहिले."

स्वप्निल बसला. काळ्या पडद्यावर पांढरी रेघ लुकलुकत होती. त्यानं एक अक्षर दाबलं, खोडलं. आणखी एक दाबलं, तेही खोडलं. खिशातून मोबाइल काढून उगाच पाहिला. मग उठला.

पुजानं उभ्या उभ्याच वाकून बटण दाबलं. अडतीस एमबी पुण्याला जायला मिनिटही लागलं नाही.

"उद्यापासून येऊ नको," स्वप्निल म्हणाला.

"उद्या ऐतवार हाय. सोमवारचं पुण्यावाले सांगतील."

पुण्याच्या कंपनीनं दोघांनाही घेतलं. वैजनाथ तिकडंच राहतो. त्याच्या नोंदी आता नऊशेच्या वर गेल्या आहेत. पुजा पुण्याला गेली नाही. मी हिंगोलीत बसूनच काम करीन, म्हणाली, आणि कंपनीला ते मानावं लागलं. तिच्या हाताखाली आज चौघं आहेत. किसनरावांनी ती खोली टायरवाल्याला दिली. स्वप्निल पुसेगावला परत गेला आणि हळद लावू लागला.

कंपनीनं तो रेपो पुढं सगळ्यांसाठी खुला केला. २०२५ च्या मार्चमध्ये त्यात स्वप्निलच्या नावानं एक बदल तपासायला आला. एकच ओळ होती. पुसेगावात कुकर आता एकाचे दोन झाले होते, तेवढा आकडा त्यानं दुरुस्त केला होता.

पुजानं पुसेगावात तीन घरी फोन लावून खात्री करून घेतली. मग ती ओळ ठेवली.