पडू दे एकदा

मुलाखतीला आलेल्या तन्वीर मुल्लानं बिघडलेला प्रोग्रॅम उघडला आणि दुरुस्तीला हात घालण्याआधी तो तसाच चालवायला घेतला.

"अहो, क्रॅश होईल तो," परीक्षक सुनेत्रा पोंक्षे म्हणाल्या.

"पडू दे एकदा, मॅडम. कुठे लागलंय ते आपोआप कळेल."

सुनेत्राबाईंचं पेन जागच्या जागी थांबलं. त्यांचा मुलगा निषाद सायकल शिकत होता तेव्हा पाठीवर हात ठेवून त्याची सीट सोडून देताना त्या हेच म्हणाल्या होत्या. पुढे तो नावाजलेला प्रोग्रॅमर झाला, आणि कोड अडला की हसत हसत हेच म्हणायचा. गेल्या वर्षी तो गेला, तेव्हा त्याचं कसब दान करायच्या कागदावर त्यांनीच सही केली होती. ते कुणाच्या मेंदूत रुजवलं, हे घरच्यांना कधीच सांगत नाहीत.

"हे कुठे शिकलात?"

"काय माहीत! रोपण झाल्यापासून तोंडात येतं," तन्वीर ओशाळून म्हणाला. "आणि असं म्हटलं की पाठीवर कुणाचा तरी हात असल्यासारखं वाटतं. बरं वाटतं."

नऊ मिनिटांत प्रोग्रॅम सुरळीत चालू लागला. परीक्षकानं भरायच्या अर्जातला शेवटचा प्रश्न तेवढा उरला होता : 'उमेदवारात दात्याची एखादी आठवण शिल्लक आहे का?' 'हो' लिहिलं की ती पुसून टाकत. आजवर असे कितीतरी 'हो' सुनेत्राबाईंनी बिनदिक्कत लिहिले होते.

त्यांनी 'नाही' लिहिलं. निरोप देताना तन्वीरच्या पाठीकडे गेलेला हात त्यांनी कसाबसा मागे घेतला.